मधुमेहाचे औषध कंपवातावर चालते का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मधुमेहावरची काही औषधे पार्किन्सन्सच्या आजारावर, म्हणजेच कंपवातावर उपयोगी पडतील का, अशी विचारणा करणारी पत्रे या सदराकडे सातत्याने येत आहेत. बहुतेक पत्रांमागे घरातल्या कोणाचे तरी दुखणे आहे आणि आशाही आहे. त्यांतली काही पत्रे निवडून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: माझे यजमान ६३ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे निदान झाले. उजवा हात थरथरतो, चालताना तो हात हलत नाही आणि अक्षरही फार बारीक झाले आहे. कंपवातावरच्या लेव्होडोपाच्या गोळ्या दिवसातून चार वेळा चालू आहेत. त्यांना मधुमेह नाही. मधुमेहासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन कंपवात रोखून धरते, असे आमच्या मुलाने वाचले. माझ्या दिरांना मधुमेहासाठी तेच इंजेक्शन चालू असल्याने त्याचे पेन घरातच आहे. डॉक्टर नाही म्हणतील, या धास्तीने त्यांना विचारलेले नाही. सुरू करून पाहावे का?

उत्तर: कृपया सुरू करू नका. डॉक्टरांना मात्र जरूर विचारा. या विषयावर तुम्ही पहिल्यांदाच विचारता आहात असे त्यांना मुळीच वाटणार नाही. आपल्या मुलाने वाचलेली बातमी खोटी नव्हती, परंतु ती अर्धी होती, आणि तिचा उरलेला अर्धा भाग त्यानंतर पुढे आला.

या आशेचा उगम मोठा विलक्षण आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आणि मेक्सिकोत गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा आढळतो. त्याच्या विषातून जॉन एंग या संशोधकाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एक्सेंडिन-४ नावाचे द्रव्य वेगळे केले. जेवणानंतर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे एक संप्रेरक स्रवते आणि ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्याची सूचना देते. एक्सेंडिन-४ त्याच्याशी मिळतेजुळते आहे. फरक इतकाच, की आपले संप्रेरक काही मिनिटांत नष्ट होते, तर सरड्याचे द्रव्य काही तास टिकते. त्याचीच कृत्रिम आवृत्ती असलेल्या एक्सेनाटाइड या औषधाला २००५ साली अमेरिकेत मधुमेहासाठी मान्यता मिळाली. लिक्सिसेनाटाइड, लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड ही त्याच कुळातली पुढची औषधे होत.

कंपवाताशी त्याचा संबंध असा जुळला. जीएलपी-१ची ग्राहकस्थाने स्वादुपिंडाप्रमाणेच मेंदूतही आहेत. कंपवातात मेंदूच्या तळाकडील एका लहानशा काळसर भागातल्या, डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. त्या का मरतात याचा शोध घेताना अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या, पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्रणेतले बिघाड, दीर्घकाळ चालणारा दाह आणि इन्सुलिनला मिळणारा मेंदूचा मंदावलेला प्रतिसाद, असे अनेक धागे हाती लागले. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमध्ये एक्सेंडिन-४ने डोपामिनच्या पेशी वाचवल्या. त्यामुळे माणसांवर चाचणी करावी हे ओघाने आलेच, आणि ते योग्यच होते.

लंडनमधल्या संशोधकांनी ६२ रुग्णांना ४८ आठवडे, आठवड्यातून एकदा एक्सेनाटाइड किंवा त्यासारखेच दिसणारे औषधविरहित इंजेक्शन दिले. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. इंजेक्शने थांबवून १२ आठवडे उलटल्यानंतरही औषध घेतलेल्या गटाची हालचाल दुसऱ्या गटाच्या तुलनेत तपासणीच्या मोजपट्टीवर साडेतीन गुणांनी बरी होती (या मोजपट्टीत गुण जास्त म्हणजे आजार अधिक). २०२४ च्या एप्रिल महिन्यात फ्रान्समधल्या २१ केंद्रांवर १५६ रुग्णांमध्ये केलेल्या लिक्सिसेनाटाइडच्या चाचणीचा निकाल आला. बारा महिन्यांत औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांची स्थिती सरासरी तीन गुणांनी खालावली, तर औषध घेणाऱ्यांची जवळजवळ होती तिथेच राहिली. जगभर बातम्या झाल्या त्या या निकालाच्या.

त्यानंतर २०२५ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. तो लंडनच्याच गटाने काढलेला होता, औषध तेच एक्सेनाटाइड होते, रुग्ण १९४ आणि कालावधी ९६ आठवड्यांचा. आधीच्या आशादायक निष्कर्षाची खरी परीक्षा व्हावी म्हणूनच ती आखली होती. त्यात औषध घेणाऱ्यांचे गुण सरासरी ५.७ ने आणि न घेणाऱ्यांचे ४.५ ने वाढले, म्हणजे दोन्ही गट जवळपास सारखेच खालावले. हालचालीवर औषधाचा काहीही फायदा दिसला नाही. निदान एक्सेनाटाइडपुरते तरी हे उत्तर स्पष्ट आहे.

आता आपल्या यजमानांविषयी. या औषधांनी भूक मंदावते आणि वजन उतरते. मधुमेहात पुष्कळदा तेच हवे असते. कंपवातात मात्र अनेकांचे वजन आधीच घटत असते, आणि वजनाबरोबर स्नायूही झडले की तोल सांभाळणे अवघड होऊन पडण्याचा धोका वाढतो. फ्रान्सच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांना मळमळ आणि १३ टक्क्यांना उलट्या झाल्या, आणि एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांचा डोस कमी करावा लागला. हे सारे तज्ज्ञांच्या सततच्या देखरेखीखाली घडले, हेही लक्षात घ्यावे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. एकाचे इन्सुलिनचे किंवा अशा औषधाचे पेन दुसऱ्याने कधीही वापरू नये. सुई बदलली तरी पेनाच्या आतल्या भागात रक्ताचा सूक्ष्म अंश मागे येऊ शकतो आणि त्यातून काविळीच्या विषाणूंसारखे संसर्ग पसरू शकतात. शिवाय ही औषधे अगदी कमी मात्रेपासून टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायची असतात. दिरांची मात्रा त्यांच्या शरीराला सरावाने सोसत असेल, पण आपल्या यजमानांना पहिल्याच दिवशी ती दिल्यास उलट्यांनी ते आडवे होतील.

प्रश्न: मी विज्ञानाचा शिक्षक होतो. २०१७ आणि २०२४ मध्ये उपयोग दिसतो, २०२५ मध्ये दिसत नाही. एकाच कुळातील औषधांचे निकाल इतके विसंगत कसे? आणि हे ‘गुण’ नेमके कशाचे असतात?

उत्तर: आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण पहिल्याचे बरेचसे उत्तर त्यातच आहे.

कंपवाताच्या तपासणीसाठी जगभर एक ठरावीक मोजपट्टी वापरतात. तिच्या हालचालींविषयीच्या भागात ३३ नोंदी असतात आणि प्रत्येक नोंदीला शून्य ते चार गुण दिले जातात. म्हणजे एकूण गुण १३२, आणि गुण जितके जास्त तितका आजार अधिक. उदाहरणादाखल त्यातली एक नोंद पाहा. रुग्णाने अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दहा वेळा शक्य तितक्या झपाट्याने आणि बोटे पूर्ण फाकवून टेकवायची. तपासणारा समोर बसून पाहतो: बोटे मध्येच अडतात का, वेग ओसरतो का, पहिल्या वेळी पूर्ण उघडलेली बोटे सातव्या-आठव्या वेळी अर्धीच उघडतात का. अशाच रीतीने पाय आपटणे, खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे, वळणे, चेहऱ्यावरचे भाव, हाताचा ताठरपणा हे सर्व पाहिले जाते. काळजीपूर्वक केले तरी शेवटी हा एका माणसाने दुसऱ्या माणसाचे निरीक्षण करून दिलेला अंक असतो. तोच रुग्ण रात्री नीट झोपला नसेल, बद्धकोष्ठाने बेजार असेल किंवा मनात चिंता असेल, तर गुण सहज दोन-तीनने हलतात.

यावरून १३२ पैकी तीन गुणांचा फरक म्हणजे काय, याचा अंदाज यावा. तो शून्य नाही. परंतु स्वतः रुग्णाला ‘मला थोडे बरे वाटते आहे’ असे म्हणण्याइतका फरक जेमतेम तेवढाच असतो. इतक्या लहान फरकाचा शोध ६० लोकांमध्ये घेतला, तर योगायोगाने दोन्ही गटांत अंतर पडण्याची शक्यता बरीच असते. १९४ लोकांमध्ये आणि दुप्पट काळ घेतल्यास ती बरीच कमी होते. मोठ्या चाचणीला अधिक वजन द्यायचे ते याच कारणासाठी.

कंपवाताच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आपल्याला चांगले औषध मिळते आहे या विश्वासानेच या आजाराच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन स्रवते. व्हँकुव्हरच्या संशोधकांनी २००१ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन हे प्रत्यक्ष दाखवून दिले. ज्या औषधाने मळमळ होते आणि वजन उतरते, ते आपल्याला खरे औषध मिळत असल्याचे रुग्णाला अप्रत्यक्षपणे कळवत असते. त्यामुळे कोणाला काय दिले आहे हे लपवून ठेवण्याचा हेतूच काही अंशी बारगळतो.

तरीही फ्रान्सचा निकाल मी मोडीत काढणार नाही. त्या चाचणीतल्या सर्व रुग्णांचे निदान होऊन तीन वर्षांहून कमी काळ लोटला होता, म्हणजे वाचवण्याजोग्या पेशी अजून शिल्लक होत्या. औषध थांबवल्यावर दोन महिन्यांनीही दोन्ही गटांतले अंतर टिकून होते. शिवाय लिक्सिसेनाटाइड आणि एक्सेनाटाइड ही रासायनिकदृष्ट्या वेगळी औषधे आहेत, आणि रक्तातून मेंदूत कोण किती शिरते यातही फरक असू शकतो. एक्सेनाटाइडला अधिक काळ टिकणारे रूप देऊन बनवलेल्या एका औषधाची, सुरुवातीच्या टप्प्यातल्या २५५ रुग्णांवर ३६ आठवड्यांची चाचणी झाली आणि तीही निष्फळ ठरली. ते औषध मेंदूत पुरेसे पोहोचतच नसावे, असा एक तर्क आहे. तो खरा ठरला तर मेंदूत अधिक शिरणाऱ्या औषधांचा मार्ग अजून मोकळा आहे. खोटा ठरला, तर या सर्व कुळाचा विचारच सोडावा लागेल.

मेंदूच्या दुसऱ्या एका आजारातला अनुभवही येथे नोंदवायला हवा. अल्झायमरवर सेमाग्लुटाइडच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या आणि आजाराची गती त्याने मंदावत नाही, असे २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले. आजार वेगळा आहे, त्यामुळे त्यावरून कंपवाताचा निकाल लावता येणार नाही. पण आपली अपेक्षा जमिनीवर राहावी इतपत धडा त्यातून नक्की मिळतो.

आपण शिक्षक आहात, म्हणून एक तुलना मुद्दाम देतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, अजून औषधे सुरू न झालेल्या १२८ रुग्णांपैकी काहींनी आठवड्यातून तीन-चार वेळा, नाडीचा वेग कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत नेऊन ट्रेडमिलवर जोरदार व्यायाम केला. सहा महिन्यांत त्यांचे गुण सरासरी ०.३ ने वाढले, तर नेहमीप्रमाणे राहिलेल्यांचे ३.२ ने. हा अभ्यासही लहानच होता आणि व्यायाम करणाऱ्यापासून तो करतो आहे हे लपवता येत नाही, त्यामुळे मघाच्या सर्व शंका येथेही लागू आहेत. परंतु ज्या अंतरासाठी जग इंजेक्शनाकडे डोळे लावून बसले, तेवढेच अंतर येथेही दिसले, आणि हा उपाय प्रकृती तपासून घेऊन आजपासून करता येतो. याची बातमी मात्र त्या मानाने फार थोड्यांपर्यंत पोहोचली, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न: माझ्या वडिलांना मधुमेह आणि कंपवात दोन्ही आहेत. साखर आटोक्यात येत नाही आणि वजनही जास्त आहे, म्हणून मधुमेहाच्या डॉक्टरांनी जीएलपी-१ गटातले आठवड्याचे इंजेक्शन सुरू केले. साखर सुधारली, पण सकाळची लेव्होडोपाची गोळी पूर्वी अर्ध्या-पाऊण तासात लागू पडायची, ती आता दीड तास घेते. कधीकधी तर दुपारची गोळी लागूच पडत नाही. कंपवात वाढला आहे का?

उत्तर: बहुधा नाही. आपण दिलेला क्रम पाहता दोष आजाराचा नसून पोटाचा असण्याची शक्यता अधिक वाटते, आणि आपण तो नेमका हेरला हे फार चांगले झाले.

लेव्होडोपा जठरातून रक्तात जात नाही. गोळी जठरातून पुढे सरकून लहान आतड्याच्या वरच्या भागात पोहोचली, की तेथून ती शोषली जाते. कंपवातात जठराची हालचाल मुळातच मंदावलेली असते. जीएलपी-१ गटाची औषधे ती आणखी मंदावतात आणि नव्याने सुरू करताना व मात्रा वाढवताना हा परिणाम सर्वांत ठळक असतो. गोळी जठरात पडून राहते, वडील ताठरलेल्या अवस्थेत वाट पाहतात, आणि दुसऱ्या गोळीची वेळ झाली तरी पहिलीचा पत्ता नसतो. त्यात भरपेट जेवणावर गोळी घेतली तर भर पडते, कारण अन्नातल्या प्रथिनांचे घटक आतड्यात लेव्होडोपाच्या वाटेत येतात.

आठवडाभर एक वही ठेवा. तीत गोळी किती वाजता घेतली, हालचाल किती वाजता सुटी झाली, असर किती वाजता ओसरला, जेवण केव्हा झाले आणि इंजेक्शनचा वार कोणता, एवढेच लिहा. ही वही कंपवाताच्या आणि मधुमेहाच्या अशा दोन्ही डॉक्टरांना दाखवा. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेणे, बद्धकोष्ठावर उपचार करणे, इंजेक्शनची मात्रा वाढवण्याचा वेग कमी करणे किंवा लेव्होडोपाच्या वेळा बदलणे यांतले काय करायचे, ते त्यावरून ठरवता येईल. स्वतःच्या मनाने लेव्होडोपा वाढवू नका, आणि ती एकाएकी बंद तर मुळीच करू नका. ती अचानक थांबल्यास तीव्र ताठरता आणि तापासह जिवावर बेतणारी अवस्था ओढवू शकते.

मळमळीचा विषय याहून महत्त्वाचा आहे. या इंजेक्शनाने मळमळ झाली की जवळच्या डॉक्टरांकडून मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन लिहून दिले जाण्याची शक्यता असते. ही दोन्ही औषधे मेंदूतल्या डोपामिनची वाट अडवतात आणि कंपवात झपाट्याने बिघडवतात. त्यांऐवजी साधारणतः डोम्पेरिडोन दिले जाते. ते मेंदूत फारसे शिरत नाही, पण हृदयाचे ठोके अनियमित असतील तर तेही इसीजी पाहूनच द्यावे लागते. मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही दोन नावे कागदावर लिहून ती चिठ्ठी वडिलांच्या खिशात ठेवा, म्हणजे कोणत्याही दवाखान्यात ती दाखवता येईल.

उलट्या होऊन शरीरातले पाणी कमी झाले, तर उभे राहताना रक्तदाब घसरून चक्कर येते. कंपवातात अनेकांना हा त्रास आधीच असतो, त्यामुळे उलट्या एक दिवसाहून अधिक चालल्या तर वाट पाहू नका. जोडीला इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटाची गोळी चालू असेल, तर साखर प्रमाणाबाहेर उतरत नाही ना यावरही लक्ष ठेवावे. वजन दर पंधरा दिवसांनी करावे.

हे सर्व वाचून इंजेक्शन बंद करण्याची घाई मात्र करू नका. वडिलांना ते मधुमेहासाठी दिलेले आहे, त्या कामी त्याचा उपयोग होतो आहे, आणि साखर आटोक्यात राहणे कंपवाताच्या रुग्णालाही हिताचे आहे.

प्रश्न: मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. मधुमेहींना कंपवात होतो असे ऐकले. मी मेटफॉर्मिन घेतो. कंपवात टळावा म्हणून औषध बदलून घ्यावे का? हल्ली कधीकधी हातही थरथरतात.

उत्तर: टाइप २ मधुमेह असलेल्यांमध्ये कंपवाताचे प्रमाण काहीसे अधिक आढळते हे खरे आहे. पण बहुसंख्य मधुमेहींना तो आयुष्यात कधीच होत नाही.

ब्रिटनमधल्या वैद्यकीय नोंदींवर आधारित, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जीएलपी-१ची औषधे आणि ग्लिप्टिन गटाच्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींमध्ये कंपवात कमी आढळला. मात्र अशा नोंदींवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. कंपवात प्रकट होण्यापूर्वी काही वर्षे अनेकांचे वजन घटू लागते. वजन घटणाऱ्या माणसाला डॉक्टर वजन उतरवणारे इंजेक्शन देत नाहीत. म्हणजे ज्यांना पुढे कंपवात होणार होता, ते कदाचित इंजेक्शनच्या गटात आलेच नसतील. पियोग्लिटाझोन या मधुमेहाच्या गोळीबाबतही एके काळी अशीच आशा होती. २१० रुग्णांवर ४४ आठवडे चाचणी झाली आणि त्या गोळीचा उपयोग नाही असे २०१५ मध्ये दिसून आले. तेव्हा कंपवात टाळण्यासाठी म्हणून आपले औषध बदलू नका. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्याने पाय बधिर होतात, म्हणून त्याची रक्ततपासणी मात्र करून घ्या.

थरथर केव्हा होते ते पाहा. तिच्याबरोबर घाम, धडधड आणि भूक असेल, आणि साखर खाल्ल्यावर ती थांबत असेल, तर रक्तातली साखर उतरते आहे असे समजावे. आपण म्हणता तसे फक्त मेटफॉर्मिन चालू असेल तर असे क्वचितच होते, त्यामुळे बाकीच्या गोळ्यांची यादीही तपासून घ्या. थायरॉइड आणि दम्याची औषधे हीदेखील नेहमीची कारणे आहेत. कंपवाताची थरथर बहुधा एका बाजूच्या हाताला, तो मांडीवर स्वस्थ असताना सुरू होते. तशी असेल, किंवा वास येणे कमी झाले असेल, झोपेत हातपाय झाडणे व ओरडणे होत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न: माझ्या बहिणीला नुकतेच कंपवाताचे निदान झाले आहे. अशा एखाद्या औषधाच्या चाचणीत तिने भाग घ्यावा का?

उत्तर: तिची इच्छा असेल तर अवश्य घ्यावा. आजार मंदावणाऱ्या औषधांच्या चाचण्यांना निदान नवे असलेल्या रुग्णांचीच सर्वांत अधिक गरज असते, आणि घरी पेन आणून गुपचूप प्रयोग करण्यापेक्षा हा मार्ग शतपटीने सुरक्षित आहे. सही करण्यापूर्वी तिने काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात: औषधविरहित गटात पडण्याची शक्यता किती, लेव्होडोपा सुरू करण्याची गरज भासली तर ती चाचणीदरम्यान सुरू करता येईल का, तपासणीसाठी गोळ्या किती तास बंद ठेवाव्या लागतील, आणि इजा झाल्यास उपचारांची जबाबदारी कोणाची. तिचे वजन आधीच कमी असेल, पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल किंवा घराण्यात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल, तर ते आरंभीच सांगावे, कारण जीएलपी-१च्या औषधांसाठी या गोष्टी महत्त्वाच्या आहेत. चाचणीतून केव्हाही, कारण न सांगता बाहेर पडता येते आणि त्यामुळे तिच्या नेहमीच्या उपचारांत काहीही फरक पडत नाही.